दहा वाजताचा फोन

सकाळी सात चाळीसला मी ऑफिसचा दिवा लावते.
नेब्रास्कात बाहेर उणे सत्तावीस.
पार्किंगमधल्या गाड्यांच्या तोंडातून
इंजिन गरम ठेवायच्या वायरी लोंबतात,
नाळ न तुटलेली वासरं जशी.
कत्तलखान्याची वाफ सरळ वर जाते आहे.
वारा पडलाय, म्हणजे बस वेळेवर येईल.

एकतीस वर्षं हेच. पट उघडायचा,
रिकाम्या चौकोनांत कारणं भरायची:
आजारी. दातांचा डॉक्टर. अंत्यविधी.
नोव्हेंबरात हरणांची शिकार, तीही चालते.
आणि ज्याला काहीच लागू नाही, त्याला
'विनाकारण'.

दहाच्या ठोक्याला यंत्र घरोघर फोन लावतं.
आवाज माझाच, सोळा वर्षांपूर्वी
जिन्याखालच्या खोलीत भरून घेतलेला.
सर्दी झाली होती मला त्या दिवशी.
'आपलं मूल आज शाळेत हजर नाही.'
पुढे तेच स्पॅनिशमध्ये, शाळेच्या स्वयंपाकघरातली ओरालिया.
सोमालीत इफ्राची आई.
शेवटी कॅरेन भाषेत पॉ थू, तेव्हा सहावीत होती,
वाक्य संपता संपता तिला हसू फुटलंय.
ते आम्ही पुसलं नाही.

दुकानात मी नुसतं 'कांदे कुठेत?' विचारलं
तरी पलीकडच्या रांगेत एखादा बाप चपापतो.

जानेवारीत एल्मर शोलच्या नावापुढे
अकरा वेळा 'विनाकारण'.
बाराव्याला कायद्याचं पत्र जातं.
मी ते टाइप केलं, घडी घातली,
आणि पोस्टात टाकण्याऐवजी
बसवाल्या हार्लनच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.
हजेरी घ्यायलाच निघाले होते, दोन्ही अर्थांनी.

ट्रेलर नंबर चौदा.
दार एल्मरनेच उघडलं. कडेवर बहीण,
तिच्या एका पायात निळा मोजा, एकात पिवळा.
आत रात्रपाळीहून आलेली आई, बुटांसकट झोपलेली.
खुर्चीत बाप. पट्ट्यांत गुंडाळलेला हात
उशीवर, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.
एल्मर आठ वर्षांचा. 'हळू बोला,' म्हणाला.
मग दार ओढून घेत, कुजबुजत:
'काल गणितात काय शिकवलं?'

मला सांगता आलं नाही.
कोण नव्हतं, तेवढंच मला ठाऊक असतं.

गुरुवारी अग्निशमन दलाचं पॅनकेकचं जेवण होतं.
डुकराच्या सॉसेजपासून लांब, अंड्यांच्या टेबलाशी
इफ्राची आई उभी. मी काही मागितलं नव्हतं,
बोलता बोलता नुसतं सांगितलं.
ती म्हणाली, 'साडेसातला सोडा म्हणावं बाळाला.
माझी सहा आहेत. सातवं
कुणाच्या लक्षातही यायचं नाही.'

फेब्रुवारीचे एकोणीस दिवस एल्मर हजर.
मार्चमध्ये बापाला दुसऱ्या गावच्या कारखान्यात
एका हाताचं काम मिळालं. गेले.
पटावरून नाव कमी करायला एकच कळ दाबावी लागते.
ते पत्र अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
पिनांच्या डब्याखाली.

एक राहिलंच सांगायचं.
यंत्र बसवलं तेव्हा चाचणीसाठी
मी आमच्या घरचा नंबर घातला होता,
कर्बीच्या नावाखाली. तो चौथीत होता.
आता कुठल्या शहरात असतो,
ते मला त्याच्या मित्रांकडून कळतं, कळलं तर.
नंबर काढायचा म्हणते. राहून जातो.

रोज दहाला, मी इथे असताना,
माझ्याहून तरुण, नाक चोंदलेली एक बाई
माझ्या रिकाम्या स्वयंपाकघराला सांगते,
आपलं मूल आज हजर नाही.
संध्याकाळी फोनवर लाल दिवा लुकलुकत असतो.
बहुतेक वेळा मी न ऐकताच पुसते.

काल हात पिठात होते.
इंग्रजी संपलं, स्पॅनिश झालं, सोमाली झालं.
मी पुसायला गेले नाही.
मग ती पोरगी हसली.